फक्त कोपरे जोडणाऱ्याची वेबसाइट

३ तारीख, सोमवार
दुकान टाकून दोन महिने झाले. गिऱ्हाईक फिरकत नाही याचं कारण एकच, वेबसाइट नाही. आज डिझायनरबाईंना भेटलो. मेडिकलच्या वर एक खोली, दोन खुर्च्या. तुम्हाला नेमकं काय हवंय, असं त्यांनी विचारलं. एक नंबर हवं, म्हणालो. यापेक्षा स्पष्ट माणूस काय सांगणार?

५, बुधवार
बाईंनी प्रश्न पाठवले. अकरा. निश्चय: आज सगळे संपवणे.
साइट कोणासाठी? सगळ्यांसाठी.
बघणाऱ्याने बघून काय करावं? त्याला पश्चात्ताप व्हावा.
बाईंचा लगेच फोन. कोणाला, म्हणून विचारत होत्या. गिऱ्हाईकांना, म्हणालो.
बाकीचे नऊ उद्या.

८, शनिवार
बाकी भरले, 'तुमची खासियत' पाशी अडलो. बावीस वर्षं दादाच्या दुकानात फोटोफ्रेमा केल्या. लाकडाची पट्टी दादा कापायचा, मी जोडायचो. एक दिवस गिऱ्हाईकासमोर म्हणाला, याला काय येतंय, हा फक्त कोपरे जोडतो. दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. त्याच्या समोरच स्वतःचं टाकलं. त्याची आठवण वगैरे येत नाही, नोंद म्हणून लिहितोय.
खासियत: कापण्यापासून जोडण्यापर्यंत सर्व कामे.
कोपऱ्यांत हल्ली फट राहते. लाकूड ओलं येतं.

१२, बुधवार
बाईंना माझा कामावरचा फोटो हवा. सगळ्या फोटोंत दादा. एक पाठवला, शेजारच्या माणसाला काढा म्हणून सांगितलं. काढला, पण माझ्या खांद्यावरचा त्याचा हात राहिला. तोही काढा म्हटलं. हात काढला तर खांदा जातो, म्हणाल्या. सॉफ्टवेअर नीट येत नसावं.

१७, सोमवार
साइट सुरू. 'संस्थापक' म्हणून मी. हात आहे, पण मोबाइलवर फारसा दिसत नाही. आता फोन थांबायचे नाहीत.

२१, शुक्रवार
एकही फोन नाही. बाईंना कडक शब्दांत लिहायला घेतलं, तेवढ्यात वहिनी आली. पाणी प्यायली. हातात कागद दिला. दादाचं अक्षर, पाच गिऱ्हाईकांची नावं आणि मापं. म्हणाली, भाऊजी, साइटवर नंबर आमचा आहे.
सवयीने लिहिला गेला असणार. बाईंनी विचारायला हवं होतं, तसं त्यांना कळवलं.
चार दिवस दादा फोन घेतोय. सांगतोय, समोर माझ्या भावाकडे जा, हात चांगला आहे त्याचा. त्याला स्वतःला आता पट्टीवरची खूण दिसत नाही. दुकान देऊन टाकलंय. परवा सकाळी सातला दुकानापासूनच लेकीकडे निघताहेत, कायमचे. नंबर उद्यापर्यंतच.
तो स्वतः का नाही आला, विचारलं. वहिनी म्हणाली, तुम्ही तरी कुठे आलात.

२२, शनिवार
त्या नंबरवर फोन लावला. फक्त चाचणी म्हणून. बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. दादाने उचलला. मी म्हणालो, नंबर लागतो का बघत होतो. तो म्हणाला, लागतोय. मग बराच वेळ कोणीच ठेवला नाही. शेवटी त्याने ठेवला.
निश्चय: उद्या सहालाच जाणे. सगळं बोलणे.

२३, रविवार
पाचला उठलो. दाढी केली. रस्ता ओलांडायला सव्वासात वाजले. शटर बंद.
दुपारी बाईंचा मेसेज. नवीन नंबर कोणता टाकू, आणि आणखी काही हवंय का?
नंबर पाठवला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंच टाइप केलं. खोडलं.
काही नको, असं कळवलं.