दोन इंच खाली

ती. स्व. भावोजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत बरी असावी असं धरून चालतो, कारण विचारायची सोय उरलेली नाही. (तुमचा फोन चौदा महिने बिघडलेला आहे, असं आम्ही घरात एकमताने ठरवलं आहे. उचलत नाही म्हणण्यापेक्षा ते बरं वाटतं.) इकडे सगळे खुशाल, आईचे गुडघे, माझी कंबर आणि गाडी सोडून. पैकी गाडीचं सविस्तर लिहितो.

ताई गेल्यापासून आई घराबाहेर पडलेली नव्हती. गेल्या महिन्यात एका सकाळी साडी बदलून, केस विंचरून दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला गाडीतून ने." कुठे, ते सांगेना. आम्ही विचारलंही नाही, मत बदललं तर काय घ्या! मागच्या सीटवर ती टेकली, एक पाय आत गेला आणि दुसरा दाराच्या पट्टीला अडला. पुन्हा उचलला, पुन्हा अडला. दोन इंच कमी पडत होते, भावोजी, फक्त दोन. मी पाय आत ठेवायला वाकलो तर म्हणाली, "माझा पाय मी उचलेन." मग हिने स्टूल आणलं. स्टुलावरून पाय पोचला, पण डोकं टपावर आपटलं. आई घरात गेली आणि पुन्हा घरातली साडी नेसून बसली. ती घरातली साडी मला बघवेना.

म्हणून मी, बावन्न वर्षांचा, शाळेत भूमिती शिकवणारा माणूस, गॅरेजमध्ये जाऊन म्हणालो, गाडी दोन इंच खाली करून द्या. मेस्त्रीने मला पायांपासून टकलापर्यंत न्याहाळलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सायलेन्सरचा आवाजही वाढवायचा का?" (शर्यतीचा नाद असलेली पोरं हे काम करून घेतात, असं नंतर कळलं. माझ्या वर्गातल्या दोघांनी मला तिथे पाहिलं. तेव्हापासून वर्गात मला जो मान मिळतो आहे तो तीस वर्षं पायथागोरस शिकवून मिळाला नव्हता.) आईचं सांगितल्यावर मात्र मेस्त्रीने तोंडातली सुपारी थुंकली, गाडी वर चढवली आणि बराच वेळ खाली बॅटरी मारून बघत बसला. आखूड स्प्रिंगा बसवणं सोपं होतं, पण बाकी सगळं झिजलेलं निघालं. धक्के पचवणाऱ्या शॉकअपमधून तेल गळत होतं, रबराचे बुश हाताने चुरले जात होते आणि चाकाजवळचा एक सांधा दुखऱ्या दातासारखा हलत होता. तसंच ठेवून नुसती खाली केली तर प्रत्येक खड्डा आजींच्या मणक्यात जाईल, म्हणाला. शेवटी हात पुसत म्हणाला, "साहेब, ही गाडी चालत नव्हती. सवयीने पुढे जात होती."

का कोण जाणे, त्या वाक्याला मी तिथल्या एका जुन्या टायरवर बसलो आणि रडलो. ताई गेली तेव्हा जमलं नव्हतं. पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होतो. मेस्त्री घाबरला. मला गाडीचंच दुःख झालंय असं वाटून त्याने दिलासा दिला, की काढलेले पार्ट पिशवीत घालून परत देईन. दिलेही. पिशवी आमच्या पलंगाखाली आहे आणि ही रोज त्याबद्दल मला विचारते.

पाच दिवसांनी गाडी आली. आईने पाय उचलला, आत ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. "वाजवताय काय," आई म्हणाली, "जावयांकडे घे."

वाटेत अकरा गतिरोधक लागले. प्रत्येकावर गाडी तिरकी घेऊनही पोट घासायचं ते घासलंच. मागचे हॉर्न वाजवून माझ्या घराण्याची चौकशी करत होते. आणि मग तुमच्या फाटकातला चढ. गाडी त्याच्यावर मधोमध टेकली, पुढची चाकं आत, मागची बाहेर. वॉचमन, दूधवाला आणि मागे अडकलेल्या तीन गाड्यांतली माणसं ढकलायला आली. आजींना उतरवा, वजन कमी होईल, असं सगळ्यांचं मत पडलं. आई उतरेना. ती खिडकीतून तिसऱ्या मजल्याकडे बघत होती. तुम्ही गॅलरीत होतात, हातात झारी होती. तुम्ही खाली पाहिलंत आणि आत गेलात.

सगळ्यांनी मिळून गाडी मागे ओढली. रस्त्याच्या पलीकडे आम्ही वीस मिनिटं थांबलो. मग आई म्हणाली, "त्यांना दिसलं नसेल. चष्मा नसेल लावला. चल." परतीच्या रस्त्यावर मधेच म्हणाली, "तिची झाडं जगवली हो त्यांनी." त्या दिवशी पोटभर जेवली.

असो. पत्र लांबलं. प्रकृतीस जपा. हिचा नमस्कार.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. तुम्हाला हे वाचून अपराधी वाटावं असा माझा हेतू नाही. (होता. तीन पानं लिहिल्यावर गेला.) चष्मा होता तुमच्या डोळ्यांवर, मी पाहिला. पण मी तरी काय केलं असतं? वर्षभरात आई वाळली आहे, गालफडं वर आली आहेत, आणि खिडकीतून वर बघते तेव्हा अगदी ताई दिसते. मीही सकाळी चहा देताना तिच्याकडे न बघता कप ठेवतो.

ता. क. २. रविवारी दहा वाजता आम्ही तुमच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे असू. गाडी आत येत नाही आणि आईला तीन मजले चढवत नाहीत, तेव्हा तुम्हीच खाली या. मागचं दार उघडं ठेवतो. बोलायलाच हवं असं काही नाही. नाही जमलं तर पुढच्या रविवारी येऊ. त्याच्या पुढच्याही.