प्रश्न एकतिसावा

इझमिर, २० फेब्रुवारी २००३

ती. सानिये हालास,

तुझा हात चुंबून, कपाळाला लावून इल्कायचा नमस्कार, वि. वि.

कोणता हात ते तूच ठरव. बायरामच्या सणाला सगळ्या पोरांसमोर तू मला चुंबायला डावा हात पुढे केलास. मग मी निघाले, तेव्हा पाण्याचं भांडं घेऊन दारात आलीस आणि एक थेंबही टाकला नाहीस! निघालेलं माणूस पाण्यासारखं जावं आणि पाण्यासारखं परत यावं म्हणून अख्खी गल्ली एकमेकांमागे पाणी टाकते, टंचाई फक्त माझ्यापुरती. आई म्हणते, औषधवाल्याच्या मुलाला नकार दिला म्हणून हाला, बाबांची ही थोरली बहीण, रुसली आहे. रुसली असशील तर तसं लिही. मला आठवडाभर घास गोड लागलेला नाही.

आता कामाचं. हात-खांद्याच्या रुग्णांसाठी एक परदेशी प्रश्नावली आम्ही रुग्णालयात, आमच्या प्राध्यापकबाईंच्या हाताखाली, तुर्कीत आणतो आहोत. प्रश्न तीस: बरणी उघडता येते का, किल्ली फिरवता येते का. उत्तर आकड्यात, एक म्हणजे काही त्रास नाही, पाच म्हणजे अजिबात जमत नाही. एकाने तुर्की करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं, असा नियम आहे. आमची बरणी गेली आणि लोणच्याचा माठ होऊन परतली. चाळीस वर्षं तू शाळेत तुर्की शिकवलंस, पोरांचे कान अजून साक्ष देतील. भाषा तपास आणि स्वतःही भरून पाठव.

लोभ उरला असेल तर कळव.

तुझी इल्काय

ओदेमिश, २७ फेब्रुवारी

चि. इल्कायला डोळ्यांचे मुके आणि अनेक आशीर्वाद.

प्रश्नावली वाचली. लाल पेन संपलं. 'डोक्यावरचा दिवा बदलता का?' असं विचारलंय. डोक्यावर दिवा खाणकामगारांच्या असतो गं, आमच्या तो छताला असतो. 'गोल्फ खेळताना त्रास होतो का?' ओदेमिशमध्ये काठीने आम्ही अक्रोड झोडतो. युफ्काची पातळ पोळी लाटण्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. तुमच्या प्राध्यापकबाई विकतची आणत असणार.

औषधवाल्याच्या मुलाला तिशीतच टक्कल पडलंय. त्यावर रुसायचं तर त्याच्या आईने रुसावं, मी कशाला? आणि पाण्याचं काय घेऊन बसलीस? थंडी होती, रस्ता निसरडा झाला असता.

भरलेला कागद सोबत आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस, पेन वाईट होतं.

माया आहे तशीच आहे. तू जेवत जा.

तुझी हाला सानिये

इझमिर, ५ मार्च

ती. हालास, हात कपाळाला (डावा तर डावा).

रस्ता निसरडा! गेल्या वर्षी याच बायरामला दादाच्या गाडीमागे तू बादली उपडी केली होतीस, तेव्हा रस्ता कोरडा राहिला वाटतं?

तिसांच्या तीस उत्तरांना 'एक'. गोल्फलासुद्धा! ओदेमिशमध्ये एवढी मोठी खेळाडू राहते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

रुग्णही असंच करतात. काल एक बाई आली. हात छातीच्या वर जात नाही, आणि सगळीकडे 'एक'. बरणी कोण उघडतं विचारलं, तर म्हणाली सून. डोक्याचा रुमाल? बहीण बांधते. मग त्रास कसला, देवाची कृपा आहे, असं मलाच वर ऐकवून गेली. तक्रार केली की कृतघ्नपणा होतो म्हणे. या हिशेबाने आपला देश ठणठणीत आहे. पण हा कागद असाच छापला गेला, तर अशा बायका उपचाराविना घरी जातील. आपल्या माणसांना खोटं बोलताच येणार नाही, असा एक तरी प्रश्न सांग.

तुझं अक्षर पाहिलं. त्याबद्दल विचारत नाही. विचारलं तर 'एक' म्हणशील.

रागावली असलीस तरी तुझीच,
इल्काय

ओदेमिश, १२ मार्च

चि. इल्कायला डोळ्यांचे मुके.

घे तुझा प्रश्न, भाषा तपासलेली आहे.

'प्रश्न एकतिसावा: निघालेल्या माणसामागे पाणी टाकता येतं का?'

इथे सुनेला पुढे करता येत नाही. आपल्या माणसामागे आपणच टाकायचं असतं.

शरदात अक्रोड झोडताना माझा उजवा खांदा गेला. म्हणून तुला डावा हात दिला, आणि ही पत्रंही डाव्यानेच लिहिते आहे. पेन चांगलं आहे. त्या दिवशी तू गाडीतून वळून बघत होतीस आणि मी भांडं उचलत होते. ते छातीच्या वर जाईना. गल्लीदेखत पायावर सांडून घ्यायची लाज वाटली. गाडी वळली आणि मी दारातच रडले. पाणी कुंडीला घातलं, तिला भलतीच फुलं आली आहेत.

उत्तरात 'पाच'ला गोल केलाय. डाव्या हाताच्या मानाने बरा आलाय.

आता मला तपासायला ने. तूच न्यायला ये. निघताना तुझ्या मागे पाणी कोण टाकणार, ही काळजी करू नकोस. या खेपेला मी मागे राहणार नाही, शेजारच्या सीटवर असेन.

तुझी हाला सानिये