पिंगळीचे गायरान

पिंगळी, ४ जुलै १९५४

ती. स्व. दिनकरदादांस,
धुरपदाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुम्ही असेंब्लीत निवडून गेलात आणि बहिणीला चार ओळी लिहायची सवड संपली. वहिनींना सांगून तुमचे कान उपटायला लावणार आहे.

काळजी आहे ती आपल्या गायरानाची. परभणीच्या बन्सीधरशेठना तिथे कापसाचे जिनिंग घालायचे आहे. गावाची दोनशे जनावरे त्याच कुरणावर जगतात. ते गेले तर दावणी रिकाम्या होतील. मुंजाजी पाटील दहा माणसे घेऊन हैदराबादेला, थेट मंत्र्यांच्या बंगल्यावर, निघाले आहेत. शेजारची कडूबाई मात्र म्हणते, आमदार आपला हाय, मग भ्याव कशाचं! मंडळींनी यावे की नाही ते लवकर कळवा. मुलांना पापे. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची धुरपदा

हैदराबाद, १२ जुलै १९५४

चि. सौ. धुरपदास,
अ. उ. आ.

वहिनीने कान उपटले. तुझे समाधान झाले असेल.

मंडळींना मुळीच पाठवू नकोस. मंत्र्यांच्या दारी जाऊन काम काढायची ही वशिलेबाजी निजामाबरोबरच जायला हवी होती. मी ठराव मांडला आहे की, जो कोणी मंत्र्याकडे शिफारस नेईल त्याचे नाव वहीत नोंदवावे आणि ती वही सर्वांना खुली असावी. काल भाषणाला बाके वाजली! आता माझ्याच गावचे लोक त्या पायऱ्या चढले तर मी तोंड कुठे दाखवू? अर्ज कचेरीत द्या आणि निर्धास्त राहा. जावई आसारामरावांना नमस्कार. दादाच्या शब्दावर भरवसा असू दे.

तुझा दादा,
दिनकरराव

पिंगळी, १६ ऑक्टोबर १९५४

दिनकररावांस,
धुरपदाबाईचा नमस्कार.

तुमचे पत्र मी देवळात सगळ्यांना वाचून दाखवले होते. मुंजाजी पाटलांनी बांधलेली शिदोरी सोडली. लोक म्हणाले, माणूस लय तत्त्वाचा हाय. माझी मान ताठ झाली.

परवा मोजणीदाराने गायरानात दगड रोवले. त्याच्या कागदांत मंत्र्यांना लिहिलेली एक शिफारस निघाली, बन्सीधरशेठसाठी. आमच्या ह्यांना अक्षर ओळखीचे वाटले, म्हणून मला बोलावले. मला ते कसे ओळखू येणार नाही? मुळाक्षरे मी तुमच्याच पाटीवर गिरवली. खाली तुमची सही आणि तारीख १२ जुलै. आम्हाला पायऱ्या चढू नका म्हणून लिहिलेत, त्याच दिवशी शेठसाठी तुम्ही त्या चढून आलात.

गायरान गेले त्याचे दुःख आहेच. पण गावाला घरी मी बसवले. आमचे पाय बांधायला तुम्हाला दोर हवा होता, तो तुम्ही माझा केलात. काल कडूबाईने गाय बाजारात नेली. माझ्या दारावरून गेली, पण माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

तुमच्या त्या वहीत पहिले नाव स्वतःचे घाला.

भाऊबीज बारा दिवसांवर आली आहे. येऊ नका. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. यंदा मीही चंद्राला ओवाळीन.

धुरपदाबाई