शेंदूर लागलेला नांगर

आण्णा, परवा मी तुमच्या शाळेत एक दगड घेऊन आले होते. कोकण किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका जहाजाचा दगडी नांगर. कमरेइतका उंच, वरच्या टोकाला दोरासाठी आरपार भोक. समुद्राच्या तळाशी सापडलेल्या वस्तू, ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांच्यापर्यंत न्यायच्या, हे माझं काम. अस्सल वस्तू किनाऱ्यापासून इतक्या आत न्यायला वरिष्ठ तयार नव्हते. फार मागे लागले तेव्हा हा एक नांगर मिळाला. पहिलं गाव मी केदारखेडाच निवडलं. तिथे तुम्ही फळ्यावर खडूनं समुद्र काढायचात, आणि स्वतः तो कधी पाहिला नव्हतात.

लोक आले. एकजण म्हणाला, "म्याडम, हितं प्यायला टँकर येतो अन् तुमी बुडालेली जहाजं दाखवून राह्यल्या!" सगळे हसले, मीही हसले. तुमची धाकटी बहीण, माझी आत्या, आता काठी टेकत चालते. फक्त ती हसली नाही. "त्यातली मानसं गं?" बुडाली असणार, मी म्हटलं. "त्यांच्या मागं कुनी काही केलं का?" आत्या, त्यांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नाहीत. "नाव न्हाई म्हून काय झालं? मानसंच व्हती ना."

मधल्या सुट्टीत तिनं नांगराला तेल चोळलं, शेंदूर लावला, पुढ्यात भाकरीचा तुकडा ठेवला. "इतक्या लांबून आल्ता बिचारा, उघडाच बसून राह्यला व्हता." भोकाच्या कडेला दोर घासल्याच्या बारीक खुणा होत्या. त्यांचा अभ्यास अजून व्हायचा होता. त्या शेंदरानं भरल्या, आणि तेल दगडात मुरलं. ते आता पूर्ण निघणार नाही.

आठवतं, मी सातेक वर्षांची आहे. बांधावरच्या शेंदऱ्या दगडावर पाय देऊन बोरं काढतेय. तुम्ही येता, मला दंडाला धरून खाली उतरवता. "देव हाय का न्हाई मला ठाव न्हाई. पन कुनीतरी हातानं ठेवलाय ना तो?" पुढे मला शिकवणाऱ्यांनीही हेच सांगितलं, फक्त मोठ्या शब्दांत. म्हणून आत्या चुकली असं मला म्हणवत नाही, आणि चुकली नाही असंही.

वरिष्ठांचा फोन आला. "तुमच्याच गावात?" एवढंच म्हणाले. पुढच्या गावी, वडीगोद्रीला, निघालेली गाडी अंबडहून परत फिरवली. तिथल्या शाळेत मुलं वाट बघत होती. आता एकही अस्सल वस्तू किनारा सोडणार नाही. अहवालात मी आत्याचं नाव घातलेलं नाही. काल तिनं फोनवर विचारलं, "त्याला जल्दी का नेलं गं? राग आला का त्याला?" मी फक्त जेवलीस का, असं विचारलं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. अहवालात मी म्हटलंय, त्या वेळी मी जेवायला गेले होते. गेले नव्हते. वर्गाच्या दारातच उभी होते. तेलाची वाटी अजून भरलेली होती. "आत्या, थांब" एवढंच म्हणायचं होतं. पण ती त्या बुडालेल्यांशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, आणि इतक्या वर्षांत त्यांच्याशी कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.