वारा पायाकडून आला पाहिजे

नाशिक, सोमवार

ती. आक्कास,

धाकट्या भावाचा, पुंजाचा, वाकून नमस्कार. इकडे आम्ही तिघंही जिवंत आहोत, आणि माझ्या नोकरीतल्या माणसाने असं लिहिलं की ती खुशालीच समजावी. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला थांबला का? मागच्या वादळात तुमच्या बांधावरचा जुना आंबा आडवा झाला हे ऐकून वाईट वाटलं. (वाईट वाटायच्या आधी मनात आलं, पाच जणांची तरी सोय होईल. तेवीस वर्षांची सवय आहे, राग मानू नकोस.) खरं तर फोनच केला असता, पण आमच्याकडे तुझी भावजय छाया प्रत्येक फोन स्पीकरवर लावते, आणि जे सांगायचंय ते सगळंच तिच्या कानावर जायला नको. म्हणून हा कागद.

तेजलची आधीची दोन स्थळं कशी मोडली ते तुला माहीतच आहे. पहिल्यांनी विचारलं, मुलीचे वडील कामावरून आल्यावर आंघोळ घरात करतात की बाहेर? दुसऱ्यांनी काहीच विचारलं नाही, माझी नोकरी कळल्यावर चहाचे कप तसेच भरलेले ठेवून निघून गेले. म्हणून या वेळी तू डोकं चालवलंस आणि मयूरच्या आईला, प्रतिभाताईंना, सांगितलंस की पुंजा महापालिकेत आहे, झाडांचं बघतो. तसं खोटं काही नाही. झाडांचंच बघतो, फक्त ती आडवी झाल्यावर. स्मशानातल्या लाकडाच्या वखारीचं नाव तू घेतलं नाहीस, आणि मलाही बजावलंस की जेव आणि गप्प बस. रिक्षात तेजलनेही तेच सांगितलं. वर म्हणाली, "बाबा, या वेळी मोडलं तर मी परत कुणापुढे बसणार नाही." ती एकोणतीस वर्षांची आहे आक्का, आणि हे बोलताना माझ्याकडे न बघता बाहेर बघत होती. मला तिथेच उतरून घरी जावंसं वाटलं.

गेलो नाही. मयूरने काल दुपारी गंगापूर रोडवरच्या एका नव्या हॉटेलात टेबल धरलं होतं. आधुनिक ग्रीक, असं पाटीवर लिहिलंय. (जुनं ग्रीक मी पाहिलेलं नाही, त्यामुळे फरक सांगता येणार नाही.) आधी द्राक्षाच्या पानात गुंडाळलेली भाताची बोटं आली. निफाडकडे छाटणी झाली की हीच पानं शेळ्या फुकट खातात. मग भाजलेल्या वांग्याचं भरीत आलं, चमचाभर, मध्ये खळगा पाडून त्यात तेल. मग घट्ट दह्यातली काकडीची कोशिंबीर. म्हणजे ग्रीस देश आपल्या चिमणाबाई मावशीच्या स्वयंपाकघरापासून फार लांब नसावा, मावशी दुसऱ्यांदा वाढायची एवढाच फरक. पुढे ऑक्टोपसचा एक पाय आला. बाकीचे सात कुठे गेले हे विचारायला मी तोंड उघडलं, तर छायाने टेबलाखालून अशी लाथ घातली की अजून नडगी दुखते आहे. प्रतिभाताईंनी मात्र कशालाच हात लावला नव्हता. शांत बाई. नवरा गेल्यापासून बाहेरचं फारसं जेवत नाहीत, असं मयूर हळूच म्हणाला.

आता मूळ गोष्ट. त्या हॉटेलात सगळं लाकडावर शिजतं, आणि भट्टी मधोमध उघडी, सगळ्यांच्या खुर्च्या तिच्याकडे तोंड करून. आमच्याकडे माणसं अग्नी दिला की मागे वळून न बघता निघतात. इथे लोक आगीबरोबर फोटो काढत होते. मी ठरवून पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसलो. पण धूर यायला लागला. आधी थोडा, मग इतका की शेजारच्या टेबलावरची मंडळी रुमाल काढून डोळे पुसू लागली. कार्डावर छापलं होतं, आंब्याच्या लाकडावर भाजलेलं. आंबा कसला, ती कच्ची बाभूळ होती, सालीवरूनच कळत होतं, आणि ओंडके असे खेटून लावलेले की वाऱ्याला वाटच नाही. आक्का, मी खूप वेळ सोसलं. शेवटी उठलो.

भट्टीवरचा आचारी भिकन म्हणून, पेठकडचा निघाला. काळे हातमोजे, काळा एप्रन, आणि डोळ्यांतून धारा. "काका, लाकूडच ओलं हाय, गाडीच तशी आली, मी तरी काय करू?" म्हणाला. त्याच्या हातातला चिमटा घेतला आणि सगळं उतरवून नव्याने रचायला लागलो. रचताना मी मोठ्याने सांगतो, ती माझी जुनी खोड. नवीन माणूस हाताखाली आला की असंच शिकवावं लागतं. बारीक खाली, त्यावर मध्यम, जाड ओंडका छातीवर, आणि वारा पायाकडून आला पाहिजे. आग भसकन धरली, धूर निवळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वळून पाहिलं तर आमच्या टेबलावर कुणीच टाळ्या वाजवत नव्हतं.

"कुणाच्या पायाकडून, भाऊ?" प्रतिभाताईंनी विचारलं.

बकऱ्याच्या, असं म्हणता आलं असतं. भट्टीवर बकऱ्याची तंगडी होतीच. पण त्या बाई माझ्या हातांकडे बघत होत्या, आणि मला ते जमलं नाही. खुर्चीवर बसलो आणि सांगितलं की मी स्मशानातल्या वखारीवर असतो, लाकूड मोजून देतो, माणूस कमी पडला तर रचूनही देतो. छायाने डोळे मिटून घेतले. तेजल ताटलीतल्या भरतावर काट्याने रेघा ओढत राहिली. आता कप भरलेले ठेवून उठतील, म्हणून मी वाट बघत होतो.

प्रतिभाताईंनी विचारलं, "करोनात होता तिथे? दुसऱ्या लाटेत, आखाजीच्या दोन दिवस आधी?"

म्हटलं, रोजच होतो.

"मयूरच्या वडिलांना तेव्हा नेलं. आम्हाला फाटकाबाहेरच थांबवलं. कोरडं लाकूड संपलंय, असं कुणीतरी बोलत होतं." मग म्हणाल्या, "नीट झालं का हो त्यांचं? मला एवढंच कुणाला तरी विचारायचं होतं."

मी म्हणालो, कोरड्या आंब्यावर झालं. मीच रचलं होतं. उंच होते, म्हणून लक्षात राहिले.

"हो, उंचच होते," त्या म्हणाल्या आणि रडल्या. मयूरही रडला. आजूबाजूला सगळ्यांचेच डोळे धुराने लाल होते, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग त्यांनी द्राक्षाच्या पानातलं एक बोट उचलून खाल्लं, आणखी एक खाल्लं, आणि तेजलला म्हणाल्या, "अशी माझ्या शेजारी येऊन बस." निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, माझ्या वेळीही तुम्हीच रचा, तसंच, आंब्यावर. मी शब्द दिला. सुपारी पुढच्या गुरुवारी फोडायची आहे. तू आणि दाजी आदल्या दिवशीच या.

तुझा,
पुंजा

ता. क. उंचीचं मी मयूरकडे बघून ताडलं. त्या आठवड्यात वखारीत कोरड्या आंब्याची एक ढलपीही नव्हती. रस्त्याकडेची झाडं कापून येत होती, पानांसकट. ती पेटायला किती वेळ लागायचा ते तुला लिहीत नाही. मयूरच्या वडिलांचं काय झालं, मला माहीत नाही. चेहरे बांधलेले असायचे, मला एकही आठवत नाही. हे छायाला ठाऊक नाही. तेजलला कधीच कळू देऊ नकोस, आणि हा कागद चुलीत घाल.

आणखी एक, ज्याच्यासाठी खरं तर पत्र लिहिलं. तो पडलेला आंबा दाजी वीटभट्टीवाल्याला देणार आहेत, असं ऐकलं. देऊ नका. फोडून शेडमध्ये विटांवर रचून ठेवा, पावसाचं पाणी लागू देऊ नका, वाळवीचं औषध मी येताना आणतो. प्रतिभाताई तशा ठणठणीत आहेत, वीस वर्षं तरी लागणार नाही. तोवर मी नसलो तर मयूरला जागा दाखवून ठेव. एकदा खोटं बोललो, दुसऱ्या वेळी तरी लाकूड कोरडं असू दे.