शेवटच्या डब्याची पाटी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की परतूरच्या स्टेशनातली तुमची खोली आता मलाही ओळखू येत नाही. छोटे रूळ जाऊन मोठे आले, तुमची यंत्रं भंगारात गेली. तरी तुम्ही आठवता ते त्याच खोलीत, आणि डोक्याला गुलाबी फेटा बांधून. फेटा बांधून गाडीची वाट बघणारा दुसरा स्टेशनमास्तर मी तरी पाहिला नाही.

ताईच्या लग्नाचा दिवस. तुमच्या बदलीचा माणूस आलाच नाही, म्हणून तुम्ही ड्यूटीवर. वऱ्हाड सेलूकडून पॅसेंजरने येणार, तुम्ही गाडी घेणार आणि तसेच मागच्या क्वार्टरपुढल्या मांडवात येणार, असं ठरलेलं. त्या गाडीच्या आधी त्याच बाजूने आलेली एक मालगाडी न थांबता निघून गेली आणि नेमकी तेव्हाच वावटळ उठली. शेवटच्या डब्यामागची लाल पाटी दिसली की गाडी अख्खी गेली, एखादा डबा सुटून मागे रुळावर राहिला नाही, असं समजायचं. धुळीत ती पाटी तुम्हाला दिसली नाही, झेंडीवाल्यालाही दिसली नाही. मालगाडी पुढच्या स्टेशनात पोचून तिथल्या मास्तरांनी ती डोळ्यांनी बघेपर्यंत तुम्ही वऱ्हाडाच्या गाडीला मागच्या स्टेशनातून निघायची परवानगी दिली नाही. आईने मला चौकशीला पाठवलं, तर तुम्ही फोनवर. पलीकडे मागच्या स्टेशनातून व्याही स्वतः, आणि आवाज असा की मला दारातून ऐकू येतोय.

"अहो, नवरदेव गाडीत बसून राह्यला. मुहूर्त चाललाय. सोडा की गाडी, तुमच्याच घरचं लगीन हाय."

"पाटी दिसली न्हाई," तुम्ही म्हणालात.

"असंल हो पाटी. जाती कुठं?"

"असंल. मला दिसली न्हाई." तुम्ही फोन ठेवलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "आईला सांग, वाजंत्र्यांना चहा दे म्हणावं."

मुहूर्त टळला. मालगाडी अख्खी निघाली, पाटीसकट. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं आणि व्याह्यांनी ती गोष्ट पुढे प्रत्येक कार्यात चवीने सांगितली. काहीच घडलं नव्हतं, त्यामुळे तुमचं बरोबर होतं हे दाखवायला तुमच्याकडे काहीच नव्हतं. तुम्ही ते कुणाला पटवायलाही गेला नाहीत. मला मात्र तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता.

त्याच उन्हाळ्यातली दुसरी आठवण स्वयंपाकघरातली. आई भाकरी थापतेय, रेडिओ लागलाय. दूरच्या कुठल्या समुद्रातल्या लढाईत विमानातून सोडलेलं एक क्षेपणास्त्र पाण्याला लागून आलं आणि थोरलं जहाज पेटलं, अशी बातमी. मी विचारलं, "एवढ्या लांबून त्याला जहाज दिसलं कसं?" तुमच्या हातातला घास तसाच राहिला. "तिथं बी जेवणं चालली असतील," तुम्ही म्हणालात. एकाच बातमीतलं आपण दोघांनी वेगवेगळं ऐकलं, आणि मी माझ्या प्रश्नामागे गेले ती गेलेच. क्षेपणास्त्रांच्या कामावरच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून एवढंच बोललात, "मी जन्मभर माणसं बराबर पोचवली. तू बुडवायचं काम घेऊन राह्यलीस?" मी उत्तर दिलं नाही. पुढे द्यावं म्हटलं, तर तुम्ही नव्हता.

तर आता देते. हो अण्णा, बुडवायचंच काम. ज्या देशाचा किनारा एवढा लांब, त्याच्या नौदलाकडे ते हवं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. ज्वारीच्या कणसांवरून पाखरू जावं तसं आमचं क्षेपणास्त्र लाटांवरून जातं, म्हणून समोरच्या जहाजाला ते फार उशिरा दिसतं. शेवटच्या टप्प्यात ते आपला रडारचा डोळा उघडतं आणि जहाज शोधतं. या डोळ्याने काय धरायचं, हे ठरवणारा भाग माझ्याकडे होता. समुद्रात मालवाहू जहाजं असतात, मासेमारीच्या बोटी असतात, आणि रडारला ना झेंडा दिसतो ना जेवायला बसलेली माणसं. म्हणून मी नियम घातला: जहाज जिथे असायला हवं ती चौकट आधी आखून द्यायची, चौकटीत ते सापडलं नाही तर दुसरं काही धरायचं नाही, सरळ पुढे जाऊन समुद्रात पडायचं. सहकारी म्हणायचे, एवढं महागाचं पाखरू पाण्यात घालणार का? मी म्हणायची, घालणार.

आणि घातलं. चाचणीला एक जुनं, रिकामं जहाज समुद्रात नांगरून ठेवलं होतं. वाऱ्याने नांगर घसरला, जहाज चौकटीबाहेर सरकलं आणि ती खबर आमच्यापर्यंत पोचली नाही. पडद्यावर आम्ही सगळे बघतोय: क्षेपणास्त्र आलं, जहाजाच्या बाजूने गेलं आणि पलीकडे पाण्यात पडलं. दुसऱ्या दिवशी बैठक, माझा नियम ठेवायचा की काढून टाकायचा यासाठी. नौदलाचे एक ज्येष्ठ अधिकारी म्हणाले, "आंधळ्यालाही दिसलं असतं एवढं मोठं जहाज."

"यालाही दिसलं होतं, सर. नोंद आहे. जागेवर नव्हतं, म्हणून धरलं नाही."

"मग पुढच्या वेळी धरायला शिकवा त्याला."

"पुढच्या वेळी जहाजाची जागा बरोबर सांगा, सर."

माझा आवाज जराही कापला नाही. तो कुणाचा आवाज होता हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. खूप वाद झाला, पण नियम राहिला. पुढच्या चाचणीत जहाज चौकटीत होतं आणि त्याला बरोबर मध्यावर भोक पडलं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. मला अभिमान आहे तो मात्र आधीच्या, पाण्यात पडलेल्याचा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या दिवशी क्षेपणास्त्र जहाजाजवळ आलं तेव्हा, माझाच नियम, मीच लिहिलेला, तरी मी मनात म्हणत होते, वळ, धर त्याला, कोण बघतंय. अण्णा, त्या दुपारी तुम्ही फेटा बांधून फोनजवळ बसला होतात, तेव्हा तुमच्याही मनात आलं होतं का हो, सोडून द्यावी गाडी?