संयत सूर

यवतमाळ
१२ सप्टेंबर २०२४

ती. ओमदादास,
जमनीचा सा. न. वि. वि. (विनंती थोडी, तक्रार विशेष.)

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर याडीचा विषय निघाला की तू सोयाबीनकडे वळतोस आणि माझं नेटवर्क जातं. कागदाला ती सोय नाही.

होळीनंतर याडी गेली, तेव्हा तांड्यातल्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून, तिला हाका मारत, सूर धरून रडल्या. मी हंसाकाकीच्या गळ्यात पडले आणि मुकी राहिले. शिकलेल्या पोरीला याडीचं, सख्ख्या आईचंही रडू येत नाही, असा निकाल तेव्हाच लागला. बाया काहीही म्हणोत. बाप असून बापूंनाही तसंच वाटतं, हे मात्र सहन होत नाही.

म्हणून कविता पाठवते आहे. एम.ए.च्या वर्गात मृत्यूवरच्या कवितेचा आकृतिबंध, तंत्र आणि सूर तपासायचा होता. मी माझीच तपासायला दिली. अष्टाक्षरी ओळी, आई म्हणजे मंद समई, अंगणात पारिजाताचा सडा, शेवटी शांत होणारी वात. सरांनी ‘सूर संयत’ असा शेरा दिला आहे. बापूंना वाचून दाखव. कृपा करून ट्रॅक्टर चालवल्यासारखी वाचू नकोस.

लोभ असू दे, टोमणे आवर.
तुझी जमनी

तांडा, ढाणकीजवळ
२० सप्टेंबर

चि. जमनीस, आमच्या घरातल्या पहिल्या आणि एकुलत्या पदवीधरास, अनेक आशीर्वाद.

कविता वाचली. छंद मोडला नाही. मोडला असता तरी आमाले कुठं समजणार होतं?

बापूंनी डोक्याचा रुमाल सोडून, मांडी घालून ऐकली. डोळे पुसले. मनात म्हटलं, जमनीनं मैदान मारलं. मग त्यांनी विचारलं, कोणाची माय गेली? बिचारी लईच गरीब बाई दिसते, सदा आजारीच असंन म्हणाले. मी सांगितलं, ही आपलीच याडी हाय. ते म्हणाले, पोरीनं दुसऱ्या कोणाचा कागद पाठवला असंन, पुन्हा विचार.

आता आमची समीक्षा, फुकटात. आपल्या अंगणात बाभूळ हाय आणि तिले याडीची बकरी बांधली हाय. पारिजात तू कोणाच्या अंगणातून तोडून आणला? मंद समई म्हणे! याडी बोलली की शेजारच्या कोंबड्या आपापल्या घरी जात. तिचा सूर संयत असता तर तू अजून फाट्यावरच उभी राह्यली असती. हे सरांना कळव आणि गुण वाढवून घे.

तब्येत सांभाळ, सडा कमी घाल.
तुझा ओम

यवतमाळ
५ ऑक्टोबर

ती. समीक्षकमहाराजांस,
रागावलेल्या बहिणीचा नमस्कार.

आधी तुला मनातल्या मनात नापास केलं. मग फाट्याचं वाक्य पुन्हा वाचलं आणि वर्ग सोडून बाहेर जाऊन बसले.

कॉलेजला नेणारी एस.टी. बस आपल्या फाट्यावर कधी सरळ थांबली नाही. मी सुशिक्षितपणे हात हलवायची. बस निघून जायची. मागून, पार विहिरीपासून, याडी हाक मारायची आणि गेलेली बस थांबायची. माझी पदवी त्या हाकेवर झाली, दादा. आणि मी तिला समई केलं!

दुसरी कविता लिहिली आहे. आकृतिबंध बायांच्या रडण्याचा: आधी हाक, मग तक्रार.

याडी, बस चालली.
याडी, हात दाखवला, कोणी पाहिना.
याडी, कुठवर आलीस? हाक मार.

सर म्हणाले, सूर सुटला आहे, प्रतिमा एकही नाही. गुण कापले. तुझी फुकटची समीक्षा महागात पडली.

बापूंना वाचून दाखव. या वेळी ट्रॅक्टर चालवलास तरी चालेल.
तुझी, संयत न राहिलेली,
जमनी

तांडा
१४ ऑक्टोबर

चि. जमनीस आशीर्वाद.

वाचली. पहिल्या ओळीलाच बापू हसले. म्हणाले, हे अर्धवट हाय, ती आधी कंडक्टरले शिव्या द्यायची, मग थांब म्हणायची. एवढं दुरुस्त करून घे; सरांना आवडणार नाही, म्हणून लवकर कर.

तिसऱ्या ओळीनंतर ते सरकून माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, पुन्हा वाच, मोठ्यानं. इतक्या हळू आवाजात बस थांबत नसते.

मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तेव्हा बहिणीची टर उडवणारा भाऊ सध्या गप्प हाय, याचा आनंद मानून घे.

दिवाळीले ये आणि तूच वाच. हंसाकाकीले सांगितलं हाय. बापू फाट्यावर येऊन उभे राहतील. पण ते हाक मारणार नाहीत. बस अजूनही आपल्या फाट्यावर आपोआप थांबत नाही, जमनी. उतरायचं असंन तर तुलेच ओरडावं लागंन.

वाट पाहतो.
ओम